मामांचे वासरू कोणी नेले नाही

आपले वासरू कोणी नेले नाही म्हणून वर्षानुवर्षे हळहळत बसलेला मनुष्य या भूतलावर एकच असेल, आणि तो आमच्या सौभाग्यवतींचा थोरला मामा आहे. जोयड्याच्या कचेरीसमोरच्या पडवीत मी गेली बावीस वर्षे लोकांचे अर्ज लिहितो. कन्नडमधून लिहितो, मराठीतूनही लिहितो. माझे शिक्षण नववीपर्यंतच झाले असले, तरी माझा अर्ज मजकुरातील दोषामुळे परत आल्याचे एक उदाहरण कोणत्याही पदवीधराने दाखवून द्यावे. या बावीस वर्षांत गव्याने भात तुडवले म्हणून, माकडांनी नारळ पाडले म्हणून, रानडुकरांनी कंदमुळे उकरली म्हणून आणि बिबट्याने शेळी ओढून नेली म्हणून माझ्यासमोर लोक रडलेले आहेत. परंतु "माज्या गोठ्यातली समदी जनावरं शाबूत हायत, कायतरी करा," अशी तक्रार घेऊन कुंभारवाड्याहून जोयड्याला आलेला पक्षकार एकच.

मामांचा जीव रानकुत्र्यांवर. आमच्याकडे त्याला कोळसुंदा म्हणतात. दिसायला लांडग्याचा धाकटा भाऊ, अंगाने तांबूस, शेपटी झुपकेदार आणि काळी. हा प्राणी भुंकत नाही, शीळ घालतो. एकटा राहत नाही, टोळीने राहतो. आणि शिकार करतो ती भर दिवसा. मामा स्वतः अंगाने किरकोळ, गुडघ्यापर्यंत पंचा, कमरेला अडकवलेला कोयता आणि वर कोणत्या तरी निवडणुकीत वाटलेला बनियन, ज्यावरील उमेदवार आता ओळखू येत नाही. या दोघांचा संबंध जुना आहे. मामांच्या लहानपणी डोंगरातून शिळा ऐकू आल्या की घरातली मोठी माणसे टोपली घेऊन धावत. टोळीने सांबर पाडलेले असे. माणसे आरडाओरडा करीत, टोळी चार हात मागे सरे, आणि माणसे सांबराची मागची एक तंगडी कापून घेत. एकच. बाकीचे सांबर टोळीचे. कापून झाले की मामांची आई हात जोडून त्या कोळसुंद्यांना "जेवा आता," असे म्हणे व मगच घराकडे वळे. (हे सर्व फार पूर्वीचे असून आज तसे करणे गुन्हा आहे, हे मी येथे नमूद करून ठेवतो.) मामांनी ते मटण किती वेळा खाल्ले असेल कोण जाणे, परंतु त्या चवीपेक्षा त्यांच्या लक्षात राहिला तो टोळीचा समजूतदारपणा. "जावय," ते मला सांगतात, "कुनाच्या पानातलं घेतलं का त्याला इसरायचं नस्तंय."

आणि ते खरोखरच विसरत नाहीत, हीच तर अडचण आहे. कुंभारवाड्याकडे जाणारी बस दिवसातून जेमतेम एकदा येते, आणि जी येते ती मामा मध्येच थांबवतात. ते चालकाच्या मागच्या बाकावर बसतात आणि रस्त्यावर नजर लावतात. एकदा मी सोबत असताना ते एकदम "थांब थांब थांब!" असे ओरडले. चालकाला वाटले, कोणी चाकाखाली आले. त्याने करकचून ब्रेक दाबला, माझे कपाळ पुढच्या दांडीवर आपटले, आणि मामा शांतपणे खाली उतरून काटकीने रस्त्यावरची विष्ठा उकरू लागले.

"अज्जा, काय झालं?" कंडक्टर दारातून ओरडला.

"केस हायत ह्यात. पर सांबराचं न्हाईत."

"मग कुणाचं?"

"उंदराचं." मामांचा चेहरा पडला. "रानमांजर दिसतंय."

"आता रानमांजरासाठी मी बस थांबवू व्हय?"

"तू कोळसुंद्यासाठी थांबवलीस. ते निगालं न्हाई, त्यात तुजा काय दोस?"

मागच्या बाकावरून एक म्हातारी कडाडली, "माजी सून तिकडं दवाखान्यात वाट बगतीया, आनि ह्यो मुडदा हितं लेंड्या मोजत बसलाय!" मामांनी तिच्याकडे पाहून हात जोडले, काटकी व्यवस्थित रस्त्याच्या कडेला ठेवली आणि ते आपल्या जागी येऊन बसले. तेव्हापासून त्या मार्गावरचे कंडक्टर मामांना खिडकीची जागा देत नाहीत.

मनुष्यांनी कसे वागावे, याचे सर्व दाखले मामा कोळसुंद्यांकडून घेतात. माझ्या स्वतःच्या लग्नात वाढपाची व्यवस्था त्यांच्याकडे होती. त्यांनी पहिली पंगत बसवली ती सगळ्या लहान मुलांची. माझे थोरले चुलते रामनगरचे प्रतिष्ठित व्यापारी. ते सोवळ्यासारखा रुमाल सावरीत उभेच राहिले. "मानाची माणसं उपाशी आणि शेंबडी पोरं पाटावर, ही कुठली रीत?" ते गरजले. मामा भाताची परात काखेत धरून म्हणाले, "कोळसुंद्यात पोरं आदी जेवत्यात, मग थोरली. जनावर असून त्यास्नी कळतंय."

"म्हणजे आम्ही जनावरापेक्षा कमी?"

"तसं मी म्हनलं न्हाई. पर तुमास्नी वाटतंय तर असंल."

मुलांनंतर गरोदर बायका बसल्या, त्यानंतर ज्यांना दूर चालत जायचे होते ते. मी नवरदेव असूनही मला दुपारी चार वाजता पान मिळाले, आणि तोपर्यंत लाडू संपले होते. चुलते पुढे दोन वर्षे आमच्या घरी आले नाहीत. मी मात्र त्या दिवशी एक गोष्ट पाहिली होती. नंदिगड्ड्याहून डोंगर उतरून आलेली एक म्हातारी पोटभर जेवून, दिवस असतानाच आपल्या वाटेला लागली होती, आणि अशा लग्नांतून ती नेहमी अंधारात व अर्धपोटी परत जात असे. हे मी चुलत्यांना कधी सांगितले नाही.

कुंभारवाड्यात प्रत्येक घराला दोन-दोन कुत्री आहेत. मामांच्या दारात एकही नाही. याचे कारण त्यांनी मला एकदाच सांगितले, तेही कंदमुळे खणता खणता, माझ्याकडे न पाहता. पूर्वी त्यांचा एक पिवळा कुत्रा होता. एका पावसाळ्यात वाडीतली कुत्री आजारी पडू लागली. डोळ्यांतून, नाकातून पाणी गळायचे, पाय झटके द्यायचे. मामांचा कुत्राही आजारी पडला, आणि अखेरच्या दिवसांत भरकटत घराखालच्या ओढ्यावर जाऊन मेला. मामांना तो दोन दिवसांनी सापडला. त्याच्या अवतीभवती चिखलात कोळसुंद्यांच्या पावलांचे ठसे होते. टोळी त्याच ओढ्यावर पाण्याला येत असे. त्या वर्षीच्या दिवाळीपासून डोंगरातून एकही शीळ आली नाही. "कुत्र्याची पीडा त्यास्नी लागली," मामा म्हणाले. "मी बांदून ठेवला असता तर?" असे असेलच, हे कोणी सिद्ध केलेले नाही, असे मी त्यांना म्हणालो. मामांनी पुढचा घाव घातला तो नेमका कंदावर बसला आणि त्याचे दोन तुकडे झाले. एवढा मोठा कंद मामांच्या हातून फुटलेला मी कधी पाहिला नव्हता.

अशी परिस्थिती असताना, गेल्या वर्षी आमच्या बाजूच्या एका पंचायत मेंबराने मोबाइलवर एक बातमी पाहिली. परदेशात कोठेतरी लांडग्यांना संरक्षणाच्या यादीतून काढावे की ठेवावे, यावर मोठा वाद चालू आहे, आणि काढा म्हणणाऱ्यांचे पारडे जड होत आहे. मेंबराने विचार केला की तिकडे लांडग्याला काढतात, तर इकडे कोळसुंद्याला का नको? यादीतल्या जनावरावर दगड उचलला तरी माणूस तुरुंगात, आणि जनावराने वासरू नेले तर माणूस कचेरीच्या पायऱ्यांवर. त्याच्या म्हणण्यात तथ्य नव्हते असे नाही; पलीकडच्या तालुक्यातल्या त्याच्या मेहुण्याची दोन वासरे खरोखरच गेली होती. तो माझ्याकडे आला आणि मी अर्ज लिहिला. 'गोरगरीब शेतकऱ्यांच्या दावणी ओस पडत आहेत' हे त्यातील वाक्य वाचताना मेंबराचे डोळे भरून आले. पुढच्या आठवड्यात मामा पडवीत हजर.

"जावय, मेंबराची अर्जी तुमी लिवलीसा?"

"लिहिली."

"झ्याक उतरलीया म्हनं?"

"बरी उतरली आहे."

"मग तिच्यापरास झ्याक एक लिवा. उलट अंगानं."

एकाच विषयात दोन्ही पक्षांचे काम करणे वकिलाला शोभत नाही, हे मी त्यांना समजावून सांगितले. मामा म्हणाले, "तुमी वकील कुटं हाय?" यावर मी कागद पुढे ओढला. त्यांनी सांगितलेले मुद्दे मी क्रमवार घेतले. पहिला मुद्दा, कोळसुंदा भर दिवसा येतो, चोरासारखा येत नाही. दुसरा, तो रानडुकरे व सांबरे मारतो, त्यामुळे भात वाचते. तिसरा, टोळीतल्या लंगड्याला तो टाकून देत नाही. तिसऱ्या मुद्द्याचा कायद्याशी संबंध नाही, असे मी म्हणालो. परंतु मामांना तो वगळू द्यायचा नव्हता.

यानंतर जे घडले ते आमच्या भागातच घडू शकते. आमच्याकडे उन्हातून कोणी दारात आले की त्याला पाणी द्यायचे, गुळाचा खडा द्यायचा, आणि त्याने कागद पुढे केला तर सही द्यायची. सहीला नाही म्हणणे म्हणजे आलेल्याला तहानलेला परत पाठवणे. मेंबर घरोघर फिरला होता, मामाही घरोघर फिरले. परिणामी, कोळसुंद्याला यादीतून काढावे या अर्जावर सबंध गावाच्या सह्या होत्या, आणि काढू नये या अर्जावरही त्याच सबंध गावाच्या त्याच सह्या होत्या. मामांच्या अर्जावर मेंबराच्या आईचा अंगठासुद्धा होता.

नव्याने आलेल्या वनाधिकारी बाई हे दोन अर्ज घेऊन स्वतः गावात आल्या. शाळेच्या व्हरांड्यात बैठक भरली. बाई कन्नडमधून विचारीत होत्या, आणि लोक अर्धे कन्नडमधून, अर्धे मराठीतून उत्तरे देत होते.

"ही सही तुमची?" बाईंनी एका अक्काला विचारले.

"व्हय बाई."

"आणि ही?"

"ती बी माजीच."

"मग कोळसुंदा यादीतून काढायचा की ठेवायचा?"

"मेंबर आला तवा काढायचा. मामा आलं तवा ठेवायचा."

"अहो, पण तुमचं स्वतःचं मत काय?"

"उनातनं आल्याला मानूस, बाई. त्याला न्हाई कसं म्हनायचं? तुमी बी आनलासा का कागद? आना की, करतो."

लोक हसले, बाईही हसल्या. मग त्यांनी वही उघडली आणि गंभीरपणे विचारले, "बरं, हे सोडा. गेल्या तीन-चार वर्षांत इथे कोळसुंदा कोणी डोळ्यांनी पाहिला आहे का?"

मेंबराने मेहुण्याचा उल्लेख केला. बाई म्हणाल्या, तो दुसरा तालुका. कोणी पाहिला नव्हता. बाईंनी मान हलवली. जिथे तो प्राणीच नाही, तिथून काढणार काय आणि ठेवणार काय, असे त्या म्हणाल्या, आणि त्यांनी दोन्ही अर्ज एकत्र करून फायलीची दोरी हातात घेतली.

तेवढ्यात मामा उठले. "माजं वासरू नेलं त्यांनी," ते म्हणाले.

मी चमकलो. मामांची कालवड गेली होती हे खरे. परंतु ती पावसात कड्यावरून घसरून गेली होती, आणि तिला पुरताना दोराचे दुसरे टोक माझ्या हातात होते. व्हरांड्यातल्या निम्म्या लोकांना हे माहीत होते.

"कधी?" बाईंनी दोरी खाली ठेवली.

"कार्तिकात. सकाळचं धुकं निवळत व्हतं. आदी शीळ आली. त्या अंगानं एक, ह्या अंगानं एक. मग बांबूच्या बेटातनं भाईर आली. नऊ व्हती. न्हाई, धा. एक मागं लंगडत व्हती, तिच्यासाटी बाकीची थांबली. म्होरं म्हातारी मादी, तिचा डावा कान फाटल्याला. उन पडलं तशी तांबडी दिसाय लागली, निखाऱ्यावानी. पिल्लं बी व्हती, बाई. चार." मामा थांबले. त्यांचा हात हवेत होता, जणू त्या पिल्लांच्या पाठीवर ठेवलेला. "त्यांनी वासराकडं बगितलं, मग माज्याकडं बगितलं. मी म्हनलं, जेवा."

"बघा बाई!" मेंबर आनंदाने ओरडला. "आतातरी पटलं का?"

मामांनी भर सभेत प्रतिपक्षाचा दावा मजबूत केला होता, आणि त्यांचा चेहरा उजळून निघाला होता. कोणी अवाक्षर काढले नाही. बाई माझ्याकडे वळल्या. "तुम्ही शिकलेले दिसता. हे खरं आहे?" मी आजवर कोणासाठीही खोटे लिहिलेले नाही, लिहिले असेल तर ते पक्षकाराने सांगितले म्हणून. तोंडाने मात्र कधीच बोललो नव्हतो. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "होय. पावलांचे ठसे मी स्वतः पाहिले."

परत येताना आम्ही भाताच्या बांधावरून चाललो होतो.

"जावय, मी खोटं बोललो."

"मीही बोललो, मामा."

"तुमचं निराळं. तुमचा धंदाच हाय." थोडे पुढे गेल्यावर ते म्हणाले, "फायल बांदत व्हती ओ ती. एकदा कागदावर न्हाईत म्हनून पडलं, की मग उद्या आली तरी कोन मानंल त्यास्नी?" नुकसानभरपाईचा अर्ज करण्यास मी सुचवले, तर त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की तो विषय मी पुन्हा काढला नाही.

बाईंनी नोंद केली, आणि तिचा एक परिणाम असा झाला की खात्याने मामांच्या घरामागच्या डोंगरावर, ओढ्याकडे तोंड करून, एका ऐनाच्या झाडाला कॅमेरा बांधला. समोरून काही हलले की तो आपोआप चित्र काढतो. काही महिन्यांनी वनखात्याचा गार्ड चित्रे बघायला आला, त्या दिवशी मी मामांकडेच होतो. आम्ही तिघे झाडाखाली बसलो आणि गार्डने हातातल्या लहान पडद्यावर एकेक चित्र पुढे सरकवले. गवा आला. साळींदर आले. रानकोंबडा आला, पुन्हा गवा. बाकी सगळे मामा होते. धुक्यात उकिडवे बसलेले मामा, ओढ्याकडे तोंड आणि कॅमेऱ्याकडे पाठ. भर दुपारी तसेच. पावसात प्लॅस्टिकची खोळ घेऊन तसेच. एका चित्रात नुसता त्यांचा डोळा होता, कॅमेरा जागा आहे की नाही ते बघणारा. आणि एका चित्रात त्यांनी गोठ्यातले उरलेले वासरू आणून झुडपाला बांधले होते आणि स्वतः लांब जाऊन बसले होते. त्याच्या पुढच्या चित्रात ते त्याला सोडवून, गळ्यात हात टाकून, घराकडे नेत होते.

गार्ड आधी हसला, मग हसायचा थांबला. "अज्जा, हितं कॅमेरा ठेवून उपयोग न्हाई. बाईंनी सांगितलंय, मानसाचा वावर आसंल तितं ठिवायचा न्हाई. रोज मानूस बसतंय तितं जनावर येतंय व्हय पान्याला?"

मामा त्या पडद्याकडे बघत राहिले. त्यावर तेच होते, पाठमोरे.

"म्हंजे मी हितं बसतोय म्हनून ती येत न्हाईत?"

"तसंच काय न्हाई, अज्जा," गार्ड पुटपुटला. "आसलीच तर, म्हनून म्हनलं." पुढच्या फेरीला आपण कॅमेरा काढून नेऊ, असे सांगून तो उतरणीला लागला.

आम्ही खाली आलो. मामांनी स्वतः आत जाऊन घोंगडी आणली, पडवीत अंथरली आणि मला बसवले. "अर्जी लिवा," ते म्हणाले. "कॅमेरा आनि एक वरीस राहू द्या म्हनून लिवा." मी लिहिले. "आनि मी वर जानार न्हाई, असं लिवा." मी त्यांच्याकडे पाहिले. "कधीच का?" मी विचारले. अर्जात मुदत स्पष्ट असावी लागते. मामांनी घोंगडीचा दुमडलेला कोपरा सरळ केला. "ती येस्तवर," ते म्हणाले. "आली की बी न्हाई. आल्यावर कशाला जायाचं? कॅमेरा दावंल की."

मी तेही लिहिले आणि प्रथेप्रमाणे अर्ज सुरुवातीपासून वाचून दाखवला. मामांनी सही करण्यासाठी पेन हातात घेतले, परंतु ते कागदावर टेकवले नाही.

"आनि एक घाला. घाई न्हाई म्हनावं. उशीर झाला तरी चालंल."

"कोणाला? खात्याला?"

मामांनी वर डोंगराकडे पाहिले. त्यांनी पेन माझ्याकडे परत दिले आणि ते वाट बघत बसले. अनावश्यक वाक्य मी कोणत्याही अर्जात राहू देत नाही, पक्षकार कितीही जवळचा असो. मी कागद मांडीवर घेतला आणि सहीच्या वर जेवढी जागा शिल्लक होती तेवढीत, माझ्या सर्वांत चांगल्या अक्षरात, ते लिहून टाकले. माझ्या सगळ्या कामात ते एकच वाक्य असे आहे, की ते कोणाकडे पोहोचवायचे हे मला अजून ठाऊक नाही.